तात्यापाऱ्यातलं घर विकताना

रायपूरच्या तात्यापाऱ्यात मराठी कुटुंबं पिढ्यानुपिढ्या राहत आली. आता अनेकांची मुलं पुण्या-नागपुरात स्थिरावतात, आणि आजोबांचं घर विकण्याची जबाबदारी प्रॉपर्टी डीलरवर येते.

२०१६च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे. जुन्या घराच्या विक्रीला ती लागेलच असं नाही, तरीही नोंदणी असलेला एजंट बरा. निदान त्याचं नाव-गाव सरकारदरबारी असतं. दलाली किती, ती कधी द्यायची, किती महिन्यांसाठी काम सोपवलं, हे पहिल्याच दिवशी कागदावर यावं. ओळखीतला माणूस असला तर जास्तच!

खरी गाडी अडते ती कागदांवर. घर वडिलांच्या नावावर, वारस चार, नामांतरण झालेलंच नाही. जमीन नजूलची, म्हणजे सरकारी, असेल तर पट्ट्याचाही प्रश्न. ही अडचण एजंटापासून लपवली, तर ती नेमकी रजिस्ट्रीच्या तोंडावर उघडी पडते आणि गिऱ्हाईक निघून जातं.

किंमत ठरवताना शेजारच्या गल्लीत प्रत्यक्ष झालेल्या रजिस्ट्रींचे आकडे एजंटाकडे मागावेत.

बयाणा मात्र बँकेतूनच घ्यावा. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. सौदा ५० लाखांचा किंवा वरचा असेल, तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. दलालीची पावतीही जपावी, भांडवली नफा मोजताना तो खर्च वजा होतो.