पाटीवर आपला स्टॉप नसतो: माढ्याहून पुण्याला पहिल्यांदा जाताना

आजचा एपिसोड माढा, कुर्डुवाडी, टेंभुर्णी आणि आजूबाजूच्या गावांतल्या त्या सगळ्यांसाठी आहे, ज्यांना परीक्षेला, इंटरव्ह्यूला किंवा घरातल्या कुणाला दवाखान्यात दाखवायला पुण्याला जायचंय, आणि पुण्यात ओळखीचं कुणीच नाही.

सुरुवात आपल्या एसटी स्टँडपासून करू. गाडी लागली की आपण काय करतो? पाटी वाचतो. पंढरपूर लिहिलंय, पंढरपूरला जायचंय, बसलो. मध्येच एखाद्या फाट्यावर उतरायचं असलं तरी अडचण नसते, कारण वाटेतली गावं आपल्याला पाठ असतात.

शहरात नेमकं हेच बदलतं. तिथं पाटीवर शेवटचं ठिकाण असतं, आणि तुम्हाला बहुतेक वेळा शेवटपर्यंत जायचंच नसतं. तुमचा स्टॉप मध्ये कुठंतरी असतो आणि तो पाटीवर नसतो. नवीन माणूस स्टॉपवर उभा राहून आपल्या ठिकाणाचं नाव शोधत बसतो, तोवर त्याच्या समोरून त्याच्याच तीन गाड्या निघून जातात. यात त्याच्या हुशारीचा काही संबंध नाही. ती पाटी रोज जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असते, एवढंच.

म्हणून पहिला प्रश्न: माझ्या दिशेला शेवटचं ठिकाण कोणतं? हे कळलं की अर्धं शहर कळलं.

पुणे मेट्रोवर हे करून बघू. तिच्या या दोन मार्गिका घेऊ. एक पीसीएमसी ते स्वारगेट, दुसरी वनाज ते रामवाडी. दोन्ही एकमेकींना फक्त जिल्हा न्यायालय स्टेशनवर भेटतात. समजा, कुर्डुवाडीहून रेल्वेनं तुम्ही पुणे स्टेशनला उतरलात आणि स्वारगेटला जायचंय. पुणे स्टेशनच्या मेट्रोत तुम्हाला स्वारगेटची गाडी दिसणारच नाही. तिथं दोनच नावं: वनाज आणि रामवाडी. तुम्ही वनाजची धरायची. पहिलं स्टेशन मंगळवार पेठ, दुसरं जिल्हा न्यायालय. तिथं उतरून खाली भुयारी स्टेशनात जायचं आणि स्वारगेटकडची गाडी पकडायची. आणि शिवाजीनगरला जायचं असेल? तर तिथूनच पीसीएमसीकडची पकडायची, पुढचंच स्टेशन शिवाजीनगर. एकच तिकीट चालतं. फक्त वरची लाइन उंचावर आणि खालची जमिनीत खोल, त्यामुळं जिने चढण्या-उतरण्याला वेळ धरून ठेवा.

मुंबईतही हाच नियम. दादरला सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर उभे आहात आणि ठाण्याला जायचंय. इंडिकेटरवर ठाणे दिसलं नाही तरी चालेल. कल्याण, टिटवाळा, बदलापूर, कर्जत, कसारा, यातली कोणतीही लोकल ठाण्यावरूनच जाते, आणि जलद असली तरी ठाण्याला थांबते. पण सायनला उतरायचं असेल तर धीमीच हवी. जलद तिथून थेट निघून जाते.

आता दुसरा प्रश्न: शहरात उतरायचं कुठं? आपल्याकडं ठरलेलं असतं, पुणे म्हणजे स्वारगेट. पण टेंभुर्णीहून हायवेनं येणारी एसटी इंदापूर, भिगवण, यवत, उरुळी कांचन करत आधी हडपसरला येते. तुमचं काम हडपसर, मगरपट्टा, खराडी किंवा वाघोलीकडं असेल, तर हडपसरला गाडीतळावर उतरा. नाहीतर ट्रॅफिकमधून स्वारगेट गाठायचं आणि त्याच रस्त्यानं परत मागं यायचं, यात तासभर सहज जातो. ससूनला जायचं असेल तर रेल्वे बरी, कारण पुणे स्टेशनपासून ससून चालत जाता येतं. सदाशिव पेठेत अभ्यासिका बघायला जाणाऱ्यांना मात्र स्वारगेटच सोयीचं.

हे सगळं एवढं फोडून का सांगतोय? माझ्या चुलत बहिणीची गेल्या वर्षी ऑनलाइन परीक्षा होती, सेंटर वाघोलीला. गेट किती वाजता बंद होणार हे हॉलतिकिटावर स्पष्ट लिहिलेलं. एक मिनिट उशीर झाला तरी वर्षभराचा अभ्यास गेटबाहेर. घरात ठरलं की तिला एकटीला पाठवायचं नाही, चुलते सोबत जाणार. म्हणजे दुसऱ्या माणसाचं तिकीट, त्यांचा दिवसाचा रोज बुडणार, आणि पुण्यात पोचल्यावर दोघंही तितकेच नवखे. यापूर्वी असाच एक फॉर्म तिनं भरलाच नव्हता, कारण सेंटर पुण्याला होतं. पोरगी अभ्यासात कमी नव्हती. अडत होतं ते फक्त रस्त्यावर.

आदल्या रात्री आम्ही फोन घेऊन बसलो आणि एका कागदावर चार ओळी लिहिल्या. एक, हडपसर गाडीतळावर उतरायचं. दोन, तिथून वाघोलीकडची पीएमपी. तीन, आपल्या स्टॉपच्या आधीचा स्टॉप कोणता, म्हणजे तो आला की दाराकडं सरकायचं. चार, परतीच्या गाड्यांच्या वेळा. ती एकटी गेली, पेपर देऊन संध्याकाळी घरी आली. चुलते त्या दिवशी कामावर होते.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळं वाटेल की आता हा ॲपचं कौतुक करणार. ॲप घ्याच. पीएमपीचं ‘आपली पीएमपीएमएल’ ॲप २०२४ पासून आहे, त्यात बस कुठं आलीय ते दिसतं आणि तिकीटही निघतं. मेट्रोचं तिकीट व्हॉट्सॲपवर मिळतं. पीएमपीत कंडक्टरकडं यूपीआयनं पैसे देता येतात. पण चार-पाच तासांचा प्रवास करून उतरताना फोनची बॅटरी किती उरते, ते तुम्हाला माहितीय. म्हणून कागद. आणि रस्त्याचा स्क्रीनशॉट, म्हणजे नेट गेलं तरी अडत नाही.

आता पैशाचं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. पण ही सवलत एसटीची आहे. पीएमपी वेगळी, मेट्रो वेगळी. आई, आजी सोबत असतील तर हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बसमध्ये कंडक्टरशी विनाकारण वाद होतो. दिवसभरात तीन-चार ठिकाणी फिरायचं असेल तर पीएमपीचा दिवसाचा पास काढा. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून तो ७० रुपयांना आहे.

आणि रिक्षा. रिक्षाला माझा विरोध नाही. सोबत आजारी माणूस असेल तर रिक्षाच करा. पण हिशोब डोक्यात ठेवून करा. पुण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये लागू झालेला दर असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढं प्रत्येक किलोमीटरला १७. म्हणजे पाच किलोमीटरचे साधारण ८५ रुपये. रात्री बारा ते पहाटे पाच थोडे जास्त. हातात बॅग, चेहऱ्यावर गोंधळ बघून कुणी अडीचशे सांगितले, तर ‘मीटरनं चला’ हे दोन शब्द शांतपणे म्हणायचे. नाही म्हणाला तर पुढची रिक्षा.

रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पहाटे तीन-चारला पोचलात तर घाई करू नका. मेट्रो सकाळी सहाला सुरू होते. तोवर स्टेशनात किंवा स्टँडवर, जिथं माणसं आणि उजेड आहे तिथं बसा. परतीचंही तसंच, मेट्रो रात्री अकरापर्यंत आहे, पण तुमची शेवटची एसटी त्याआधी असू शकते.

शेवटचं, विचारण्याबद्दल. आपली मुलं विचारायला लाजतात, कारण बोलण्यावरून गाव कळतं. कळू द्या की. फक्त प्रश्न नीट विचारा. ‘वाघोलीला कसं जायचं?’ विचारलं की पाच जण पाच रस्ते सांगतात. ‘ही गाडी वाघोलीवरून जाते का?’ विचारा, उत्तर हो किंवा नाही असं येतं. आणि विचारायचं कुणाला? आधी कंडक्टरला, मग स्टॉपवर रोज उभं राहणाऱ्या माणसाला. एक आणखी, लोक ‘कॉर्पोरेशन’ म्हणतात आणि बसवर ‘मनपा’ असतं. दोन्ही एकच, पुणे महापालिका. ही नावं कोणत्याही पाटीवर समजावून सांगितलेली नसतात, ती विचारूनच कळतात.

तुमच्या घरात कुणाचं हॉलतिकीट आलं असेल, तर आज रात्री त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसा आणि त्या चार ओळी लिहून द्या. आणि तुम्ही पुण्या-मुंबईत राहत असाल, तर गावाकडच्या माणसाला ‘रिक्षा करून ये’ असं सांगण्याआधी त्याला बसच्या शेवटच्या स्टॉपचं नाव सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.