पैसे पोचले, माल फसला : मोबाइलने पैसे देताना गिऱ्हाइकाला संरक्षण किती?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नापतौल विभागात नोकरी करतो. काटे, वजने, मापे तपासायची, पाकिटावर किंमत आणि वजन नीट छापले आहे की नाही ते पाहायचे, हे माझे रोजचे काम. मी बँकेचा माणूस नाही आणि वकीलही नाही. पण बाजारात फिरताना गेल्या काही वर्षांत लोकांचा प्रश्न बदललेला दिसतो. पूर्वी विचारत, "साहेब, याचा काटा बरोबर आहे ना?" आता विचारतात, "साहेब, मोबाइलने पैसे दिले, वस्तू खराब निघाली, पैसे परत येतील का?" हा प्रश्न आमच्या विभागाचा नाही. तरी इतक्या जणांनी विचारला, की मी नियम मिळवून वाचले. त्यातले आपल्या कामाचे तेवढे आज सांगतो.

यूपीआय सुरू झाले २०१६ साली. आज आपल्या इंदुरात पोह्याच्या गाडीपासून सराफ्यातल्या दुकानापर्यंत तो काळा-पांढरा चौकोन लावलेला आहे. सोय मोठी आहे, यात वाद नाही. पण अनेकांची अशी समजूत झाली आहे, की पैसे बँकेमार्फत गेले म्हणजे खरेदीची हमीसुद्धा बँकेने घेतली. तसे नाही. अडचणी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिला प्रकार, पैसे अडकणे. तुमच्या खात्यातून रक्कम कापली गेली, पण दुकानदाराच्या स्पीकरवर आवाज आला नाही. इथे नियम आपल्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला पैसे पोचल्याची खूण मिळाली नसेल तर रक्कम ५ दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही गिऱ्हाइकाने न मागता. म्हणून अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. दुकानदाराला व्यवहाराचा क्रमांक दाखवा, दोन मिनिटे थांबा. दोनदा दिले आणि दोन्ही वेळा पोचले, तर यंत्रणेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी. मग परतावा दुकानदाराच्या हातात राहतो.

दुसरा प्रकार, चोरी. फोन हरवला, कार्ड गेले, किंवा तुमच्या नकळत कोणी खात्यातून पैसे काढले. यासाठी ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे. त्याच वर्षी सहकारी बँकांनाही तसाच नियम लावला गेला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचे नुकसान सोसावे लागते, साध्या मूलभूत बचत खात्याला ५,००० चे. सात दिवस उलटले की त्या त्या बँकेचे धोरण लागू होते. म्हणजे इथे सगळा खेळ दिवसांचा आहे. बँकेचे संदेश न वाचता पुसून टाकणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

याच परिपत्रकात दुसरी बाजूही आहे. पिन किंवा ओटीपी तुम्हीच कोणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान तुमचे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून लाजून घरात बसू नका, लगेच कळवा. बँकेबरोबर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी तक्रार पोचली, तर ते रोखता येण्याची शक्यता असते.

पिनबद्दल एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. आणि काही व्यवहार पिनशिवायही होतात. यंत्राला टेकवायचे कार्ड ५,००० रुपयांपर्यंत पिन मागत नाही. फोनमधल्या यूपीआय लाइटलाही पिन लागत नाही. कार्डावरची ही सोय नको असेल तर बँकेच्या अॅपमधून बंद करता येते.

आता तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी मी आज मुख्यतः बोलायला उभा आहे. पैसे बरोबर गेले, बरोबर पोचले, पण माल फसला.

आमच्या कॉलनीतल्या एक काकू. मुलगा बंगळुरूला, इथे त्या एकट्या. त्यांनी एका दुकानातून ४,२०० रुपयांचा मिक्सर घेतला, स्कॅन करून पैसे दिले. आठवड्यात मोटर जळली. दुकानदार म्हणाला, कंपनीकडे जा. कंपनी म्हणाली, बिल दाखवा. बिल घेतलेलेच नव्हते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला, रक्कम पोचली, आमचे काम संपले. नियमाने बँकेचे म्हणणे खरे होते. यूपीआयची यंत्रणा पैसे पोचले का ते पाहते, मिक्सर चालतो का ते पाहत नाही. पुढे लेखी तक्रार केल्यावर दुकानदाराने मिक्सर दुरुस्त करून दिला. पण त्या दोन महिन्यांत नातेवाइकांनी काकूंना इतके ऐकवले, की आता त्या एकट्या खरेदीला जात नाहीत. ४,२०० रुपयांपेक्षा हे नुकसान मला मोठे वाटते.

चुकीच्या नंबरवर पैसे गेले तरी असेच होते. समोरच्याच्या संमतीशिवाय बँक सहसा ते परत ओढू शकत नाही. म्हणून पिन टाकण्याआधी पडद्यावर येणारे नाव मोठ्याने वाचा आणि दुकानदाराला विचारा, "हेच ना?" चौकोनावर कोणी दुसरा कागद चिकटवला असेल तर तोही इथेच पकडला जातो.

क्रेडिट कार्डाचे थोडे वेगळे आहे. तिथे व्यवहाराला हरकत घेण्याची जुनी पद्धत आहे, तिला चार्जबॅक म्हणतात. म्हणून महागड्या वस्तूला किंवा आगाऊ रकमेला, ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे त्यांनी ते वापरणे बरे. पण दुकानात जाऊन, वस्तू हातात घेऊन, पिन टाकून केलेल्या खरेदीत तिथेही बँक बिल मागते आणि दुकानदाराशी काय बोलणे झाले त्याचा पुरावा मागते. मन बदलले म्हणून पैसे मिळत नाहीत.

मग गिऱ्हाईक उघड्यावर आहे का? नाही. फक्त दार वेगळे आहे. पैशांच्या व्यवहाराची तक्रार आधी बँकेकडे करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे, तिथे फी नाही. मालाची तक्रार मात्र ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली येते. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावरून करावी. भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान कुठल्याही गावचे असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची आहे. पण तिथे पहिला प्रश्न येतो, बिल कुठे आहे? मोबाइलवरची नोंद पैसे दिल्याचे सांगते. कोणती वस्तू, कोणत्या कंपनीची, किती हमीची, हे ती सांगत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या सभासदांत बँकेतून निवृत्त झालेले लोक आहेत, वकील आहेत, मोबाइलमध्ये तरबेज मुले आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास बसून, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या अशा तक्रारी लिहून द्यायला मदत करावी. कोणालाही "तुम्ही असे केलेच कसे?" हा प्रश्न न विचारता.

आणि एक शेवटचे. आपले मंडळ ५१ रुपयांच्या वर्गणीचीही पावती फाडते आणि आपण ती मागून घेतो. मग हजारोंची वस्तू घेताना बिल मागायला संकोच कशाला? काटा बघून घ्यावा, नाव वाचून पिन टाकावा आणि बिल घेऊनच दुकानाची पायरी उतरावी.

 गणपती बाप्पा मोरया!