आठाचे दहा झाले तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



कवीला बोलवायचं आणि त्यानं प्रोस्टेटच्या गाठीवर बोलायचं, हे तुम्हाला जरा विचित्र वाटेल. मी बी. ए. झालो तो मराठी घेऊन. शास्त्राशी माझा संबंध दहावीच्या शेवटच्या पेपराबरोबर संपला. पण गेली तीन वर्षं मी माझ्या थोरल्या भावाच्या आजाराचे कागद वाचतो आहे. घरात शिकलेला मी, म्हणून प्रत्येक रिपोर्ट आधी माझ्या हातात येतो. या वाचनात माझ्याकडून दोन मोठ्या चुका झाल्या आणि दोन्ही मापाच्या होत्या. त्याच आज सांगणार आहे, कारण अशा चुका घरोघरी होत असणार.

भाईजान सत्तरीला टेकलेले. रात्री चार-चार वेळा उठायचे. भाभी म्हणायच्या, वय झालं. भाईजानांचं दुःख वेगळंच होतं. लघवी करून यावं, वजू करावा, मशिदीच्या पायरीपर्यंत पोचावं आणि पुन्हा थेंब गळल्यासारखं वाटावं. की परत वजू. शेवटी ते जमातीच्या नमाजला जायचंच टाळू लागले. लघवीबद्दल बोलायची आपल्या पुरुषांना लाज. हे मला सांगायला त्यांनी वर्ष घेतलं.

सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, प्रोस्टेट ५२ ग्रॅम. रक्तातलं पीएसए ६.८, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. भाईजाननी विचारलं, "कित्ता बडा है रे?" मी कागदात पाहून सांगितलं, "बावन्न ग्रॅम." आम्ही दोघांनी समजून घेतलं की पोटात बावन्न ग्रॅमची कॅन्सरची गाठ आहे. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवलं नाही. ही माझी पहिली चूक.

बावन्न ग्रॅम हे सबंध ग्रंथीचं वजन होतं. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली. तरुणपणी तिचं वजन वीस ग्रॅमच्या आसपास असतं आणि उतारवयात बहुतेकांची वाढते. जॉन मॅकनील नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टनं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं, की ही ग्रंथी एकजिनसी नाही, तिचे वेगवेगळे भाग आहेत. मूत्रमार्गाला लागून असलेला आतला भाग वयानुसार वाढतो आणि लघवी अडवतो. ती वाढ कॅन्सर नसते. कॅन्सरच्या शंभरातल्या सुमारे सत्तर गाठी बाहेरच्या भागात उगवतात. तिथली लहान गाठ लघवी अडवत नाही, दुखतही नाही. म्हणजे भाईजानांच्या वजूचा खोळंबा करणारी वाढ वेगळी होती आणि कॅन्सर असलाच तर तो वेगळ्या जागी होता.

डॉक्टरांनी ६.८ ला ५२ नं भागून दाखवलं. उत्तर आलं ०.१३. ग्रंथी मोठी असली की पीएसए थोडं जास्त येणारच; हा भागाकार ०.१५ च्या वर गेला तर संशय वाढतो. पण बोटानं तपासताना डावीकडे जरा कडक लागलं होतं. म्हणून एमआरआय करायचं ठरलं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठं चुंबक असतं, आणि आपला हा कार्यक्रम तुमच्या घरी आणणाऱ्या लहरींच्याच जातकुळीच्या रेडिओलहरी असतात. चित्र तयार होतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्यावरून. आमच्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी पडद्यावर दाखवलं. निरोगी प्रोस्टेटचा बाहेरचा भाग पांढरा, उजळ दिसतो, कारण तिथल्या बारीक नळ्यांमध्ये पाझरलेला द्रव असतो. गाठ वाढते तेव्हा पेशी एकमेकींना खेटून बसतात, द्रवाला जागा उरत नाही आणि ती जागा काळी पडते. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात पाण्याचे कण किती मोकळेपणानं हलतात ते मोजतात. मोकळ्या मैदानात माणूस कुठंही फिरतो, पण दिवाळीच्या गर्दीत एसटी स्टँडवर तो जागचा हलू शकत नाही; तसंच पाण्याचं. जितकी दाटी जास्त, तितकी हालचाल कमी. साधारणपणे आक्रमक गाठीत ही दाटी जास्त आढळते, पण नेहमीच नाही. तिसऱ्या चित्रासाठी शिरेतून औषध सोडतात. गाठीत रक्तवाहिन्या जास्त असल्या, तर ती जागा लवकर उजळते.

हे ऐकताना मला एक गोष्ट कळली. काळा डाग दाटीची खूण आहे. दाटी जुन्या सुजेनंही होते, व्रणानंही होते. बायोप्सीनंतर साचलेलं रक्तसुद्धा तशीच फसगत करतं. उलट काही कॅन्सर विरळ पसरतात, निरोगी नळ्यांच्या मधूनमधून. ते चित्रात उजळच राहतात. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेला 'प्रॉमिस' नावाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महत्त्वाचे कॅन्सर ओळखण्यात जुन्या पद्धतीची, अंदाजानं सुया घालून केलेली बायोप्सी शंभरात ४८ वेळा यशस्वी ठरली. एमआरआय ९३ वेळा. फार मोठी सुधारणा आहे ही. पण त्याच अभ्यासात एमआरआयनं संशय नाही म्हटलेल्या शंभरांपैकी सुमारे अकराजणांना महत्त्वाचा कॅन्सर निघाला.

माझे एक स्नेही, निवृत्त गुरुजी, त्या अकरातले. त्यांचा एमआरआय स्वच्छ आला. त्यांनी पेढे वाटले. पीएसए मात्र चढत राहिलं. डॉक्टरांनी आग्रहानं बायोप्सी केली आणि चांगला जोर धरलेला कॅन्सर सापडला. वेळेवर सापडला, किरणोपचार झाले, गुरुजी आज सकाळी फिरायला जातात. पण त्या स्वच्छ चित्रावर विसंबून ते घरी बसले असते तर?

भाईजानांच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, डावीकडे ८ मिलिमीटरचा डाग, पाय-रॅड्स ४. माझा पुतण्या कागद वाचून रडायलाच लागला. त्याला वाटलं, अब्बांची चौथी स्टेज. पाय-रॅड्स हा एक ते पाच असा संशयाचा आकडा आहे. डाग पाहून महत्त्वाच्या कॅन्सरची शक्यता किती वाटते, एवढंच तो सांगतो. चार आणि पाच यांत डागाचं रूप सारखंच असतं. तो १५ मिलिमीटर किंवा मोठा असला, किंवा ग्रंथीबाहेर गेल्याचं स्पष्ट दिसलं, तर पाच. स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरला ते. ती वेगळी गोष्ट.

गाठीचा स्वभाव कळतो सूक्ष्मदर्शकाखाली. डोनाल्ड ग्लीसन या मिनियापोलिसच्या डॉक्टरनं १९६६ मध्ये त्याची पद्धत मांडली. पेशींची रचना किती बिघडली ते पाहून गुण द्यायचे आणि दोन गुणांची बेरीज करायची. भाईजानांचा निकाल आला तीन अधिक तीन, सहा. पुतण्या म्हणाला, दहापैकी सहा म्हणजे बरीच वाढली की! डॉक्टर हसून म्हणाले, "या परीक्षेत आता सहाच्या खाली मार्क देतच नाहीत. हा सर्वांत सौम्य निकाल आहे."

मग त्यांनी सुचवलं, की लगेच ऑपरेशन नको, देखरेख ठेवू. ठरावीक काळानं पीएसए, एमआरआय, लागली तर बायोप्सी. टोरांटोमध्ये लॉरेन्स क्लोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ पासून ही वाट चोखाळली. घरात दोन तट पडले. पुतण्या म्हणे, साप घरात आहे तर मारून टाका. भाईजानांना भीती ऑपरेशनची. त्यानंतर लघवीवरचा ताबा काही काळ, काहींचा कायमचा, जातो हे त्यांनी ऐकलं होतं. मौलवीसाहेबांनी सांगितलं की अशा आजारात सवलत आहे, नमाज होते. तरी भाईजानांचं मन तयार होईना. लघवीच्या त्रासावर मात्र गोळी सुरू झाली आणि ते पुन्हा मशिदीत जाऊ लागले.

वर्षानं दुसरा एमआरआय झाला. रिपोर्ट दुसऱ्या सेंटरचा. डाग १० मिलिमीटर. आठाचे दहा झाले.

इथं माझी दुसरी चूक. शाळेतलं गणित आठवलं. गोळ्याचं घनफळ त्रिज्येच्या घनावर अवलंबून असतं. आठाचा घन ५१२, दहाचा घन १०००. म्हणजे गाठ वर्षात जवळजवळ दुप्पट! मी तो हिशेब कागदावर मांडला, भाईजानांना दाखवला, आणि म्हणालो, "भाईजान, आता तुम्ही ऑपरेशन करून घ्या." ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेचं पासबुक भाभींच्या हाती दिलं.

माझं गणित बरोबर होतं. त्यातले आकडे कच्चे होते. रेडिओलॉजिस्ट बाईंनी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. एमआरआय प्रोस्टेटचे काप घेतो, पाव कापल्यासारखे, साधारण तीन-तीन मिलिमीटर जाडीचे. गाठीची कड दोन कापांच्या मध्ये आली की माप चुकतं. डागाची किनार धुकट असते. गुदाशयात वायू असला तरी चित्र वाकडंतिकडं होतं. शिवाय पहिल्या वेळी माप आडवं घेतलं होतं, दुसऱ्या वेळी तिरकं. बाईंनी दोन्ही डाग त्याच हातानं, त्याच दिशेनं मोजले. पहिला निघाला नऊ, दुसराही नऊला थोडा वर.

म्हणजे बघा, दोन मिलिमीटरच्या फरकात गाठीची दुप्पट वाढ लपू शकते आणि तेवढाच फरक निव्वळ मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो. एका आकड्यावरून दोन्हींतलं काय ते सांगता येत नाही. म्हणून २०१७ मध्ये तज्ज्ञांनी 'प्रिसाइज' या नावानं शिफारशी प्रसिद्ध केल्या. देखरेखीखालच्या माणसाचा नवा एमआरआय जुन्याशी ताडून पाहायचा आणि बदलालाच एक ते पाच असा आकडा द्यायचा. तीन म्हणजे स्थिर, त्यावर गेला तर वाढ. आधीच्या चित्राशीच नव्हे, अगदी पहिल्याशीही ताडायचं, कारण दरवर्षी थोडी थोडी झालेली वाढ लगतच्या दोन चित्रांत नजरेत येत नाही.

भाईजानांचा आकडा आला तीन. खात्रीसाठी पुन्हा बायोप्सी केली. तीन अधिक तीन, सहा. पासबुक परत कपाटात गेलं.

देखरेख म्हणजे निर्धास्तपणा, असं मात्र समजू नका. ब्रिटनमधल्या १६४३ पुरुषांच्या अभ्यासाचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देखरेख, शस्त्रक्रिया, किरणोपचार या तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरनं शंभरात तिघांहून कमी दगावले. पण आजार पसरण्याचं प्रमाण देखरेखीच्या गटात शंभरात नऊच्या घरात होतं, इतर दोन गटांत पाचच्या आसपास. ज्यानं देखरेख निवडली, त्यानं तारीख चुकवायची नाही. भाईजानांचा आकडा उद्या बदलला, तर उपचार घ्यावे लागतील. हे त्यांना माहीत आहे.

माझ्यासारख्या अडाणी वाचकानं तीन गोष्टी शिकल्या. कागदावर आकडा दिसला की आधी विचारायचं, हा ग्रंथीचा, डागाचा, की संशयाचा? मग विचारायचं, तुकड्याची तपासणी काय म्हणते? आणि जुन्या एमआरआयची सीडी फेकायची नाही. पुढचा शक्यतो त्याच ठिकाणी करायचा आणि बायोप्सी कधी झाली ते तिथं आठवणीनं सांगायचं. लघवीची तक्रार असेल तर माझ्या भावासारखं वर्षभर गप्प बसायचं नाही, हे आणखी एक.

मागच्या महिन्यात तिसरा एमआरआय होता. आम्ही रिक्षात बसलो. पूर्वी भाईजानांचा एकच प्रश्न असायचा, कित्ता बडा है. या वेळी त्यांनी माझ्या पिशवीकडं बोट दाखवलं आणि विचारलं, "पुराना फोटू लाया क्या?"