वैमानिकाचे अध्ययन



अमेरिकेच्या नौदलातील वैमानिकापुढे एक पेच असतो. पदवी घेतलेला हा तरुण उड्डाण शिकून विमानवाहू जहाजावर जातो. काही वर्षांनी त्याची नेमणूक किनाऱ्यावर होते. उच्च शिक्षणाला सवड मिळते ती तेव्हाच. पण नवशिक्यांना उड्डाण शिकवण्याची कामेही त्याच काळातली. बढती देणारे मंडळ मुख्यतः पाहते ते पथकातील त्याची कामगिरी. वर्गात बसावे तर उड्डाणाचा सराव तुटतो. न बसावे तर यंत्रामागचे शास्त्र दूर राहते.

या नौदलाने १९०९ साली अ‍ॅनापोलिसला अधिकाऱ्यांच्या उच्च शिक्षणाची शाळा काढली. १९५१ मध्ये ती माँटेरेला गेली. जहाजावरून विमाने उडवलेला यूजीन सर्नन तेथे विमानविद्या शिकला, १९६३ साली अंतराळवीर म्हणून निवडला गेला आणि डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावर उतरला.

प्रत्येकाच्या वाट्याला चंद्र येत नाही. म्हणूनच माझे म्हणणे इतकेच, की ज्या संस्थेला जाणते अधिकारी हवेत, तिने अध्ययनाची वर्षेही सेवेतच धरावीत. ज्ञान संस्थेचे आणि तोटा मात्र शिकणाऱ्याचा, हा न्याय नव्हे.