रक्ताचा कागद आणि मुलाचे यकृत

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या देशात लाखो मुले आजही वयाच्या मानाने खुजी आणि हडकुळी राहतात, तेथील समाजवादी कार्यकर्त्यांनी मुलांच्या यकृतात साचणाऱ्या चरबीवर एक संध्याकाळ का खर्च करावी, असा प्रश्न विषयपत्रिका पाहून काही मित्रांनी केला. प्रश्न रास्त आहे. हा श्रीमंतांच्या मुलांचा आजार असे आपल्यापैकी अनेकांना वाटते, आणि मेळघाटातील कुपोषणावर वर्षानुवर्षे बोलत आलेल्या पक्षाला तसे वाटणे स्वाभाविकही आहे. या प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे. मात्र त्याआधी आजाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे.

मद्य न पिणाऱ्या माणसाच्या यकृतात चरबी साचते, तिच्यामुळे सूज येते आणि पुढे यकृत निबर होऊ लागते, या विकाराला अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 साली नाव दिले. ते रुग्ण प्रौढ होते. 1983 साली लठ्ठ मुलांमध्येही हाच विकार आढळल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा ती एक नवलाची गोष्ट मानली गेली. पुढे कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे, 1993 ते 2003 या काळात मृत्यू पावून शवविच्छेदन झालेल्या 2 ते 19 वर्षे वयाच्या 742 मुलांची यकृते तपासण्यात आली. 2006 साली निष्कर्ष आले. त्यावरून त्या जिल्ह्यातील सर्व मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा प्रमाण 9.6 टक्के निघाले. लठ्ठ मुलांत ते 38 टक्के होते. या आजाराला वेदना नसते, आणि म्हणूनच तो दिसत नाही. 2023 साली जगातील यकृततज्ज्ञांनी त्याचे नाव बदलून ते चयापचयाशी जोडले, हे बरे झाले. दहा वर्षांच्या मुलाच्या आजाराची ओळख 'तो दारू पीत नाही' या गोष्टीवरून करून देणे हा एक विचित्रच प्रकार होता.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शरीराची संरक्षणयंत्रणा परकीय जंतूंविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. कधी कधी ती स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होतात. त्यांना स्वप्रतिद्रव्ये किंवा ऑटोअँटिबॉडीज म्हणतात. काही मुलांत, विशेषतः मुलींत, ही यंत्रणा यकृतावरच उलटते. हा स्वप्रतिकारजन्य यकृतदाह. पेशीकेंद्राविरुद्धची, स्नायुतंतूंविरुद्धची, आणि यकृत-मूत्रपिंडांतील एका घटकाविरुद्धची अशी तीन प्रकारची प्रतिद्रव्ये त्याच्या निदानासाठी शोधली जातात. हा रोग ओळखला नाही तर यकृत नासते. अनेक मुलांत निदान होते त्या वेळीच सिऱ्होसिस सुरू झालेला असतो. उलट वेळेवर ओळखला तर प्रेड्निसोलोन आणि अॅझाथायोप्रिन या जुन्या, स्वस्त औषधांनी बहुसंख्य मुलांचा रोग आटोक्यात येतो.

घोटाळा पुढे आहे. नुसत्या चरबीने त्रस्त झालेल्या यकृतातही ही प्रतिद्रव्ये सापडतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चरबीयुक्त यकृताच्या 864 प्रौढ रुग्णांपैकी 21 टक्क्यांच्या रक्तात ती होती, आणि तरीही त्यांचे यकृत इतरांच्या तुलनेत अधिक बिघडलेले नव्हते. पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये बाहेर येतात, संरक्षणयंत्रणा त्यांना परके समजते. अशी काहीशी ही प्रक्रिया असावी. मुलांतही हेच आढळते आणि तेथे अडचण अधिक बिकट होते. निरोगी मुलांत ही प्रतिद्रव्ये क्वचितच असतात, म्हणून प्रौढांत दुर्लक्षिली जाईल अशी 1:20 इतकी अल्प पातळीही मुलांत अर्थपूर्ण मानण्याचा प्रघात आहे. म्हणजे लठ्ठ मुलाच्या रक्तात 1:40 आले तर ते खऱ्या रोगाचे लक्षण मानावे की चरबीची केवळ सावली?

समजा, तालुक्याच्या गावातील बारा वर्षांची एक मुलगी आहे. वजन जास्त आहे, पोट दुखते म्हणून सोनोग्राफी केली, यकृतात चरबी दिसली, एसजीपीटी वाढलेले निघाले. खासगी प्रयोगशाळेने 'लिव्हर प्रोफाइल'बरोबर प्रतिद्रव्यांची तपासणीही केली आणि कागदावर 'पॉझिटिव्ह' असा शब्द ठळक अक्षरांत छापून दिला. या ठिकाणी दोन वाटा फुटतात आणि दोन्ही वाटांवर खड्डे आहेत. एका वाटेवरचा डॉक्टर कागदावर विश्वास ठेवून स्टेरॉइड सुरू करतो. स्टेरॉइडने भूक वाढते, वजन वाढते, रक्तातील साखर चढते, उंची खुंटते आणि यकृतातील चरबीत भर पडते. म्हणजे नसलेल्या रोगाचे औषध असलेला रोग वाढवते. दुसऱ्या वाटेवरचा डॉक्टर मुलीकडे पाहतो आणि कागद बाजूला सारतो. 'चरबी आहे, खाणे कमी करा, सहा महिन्यांनी या.' लठ्ठ मुलीलाही स्वप्रतिकारजन्य यकृतदाह होऊ शकतो, हे तो विसरतो. सहा महिन्यांनी ती येते तेव्हा कावीळ आणि जलोदर तिच्याबरोबर येतात.

तिसरीही एक शक्यता आहे, ती थोडक्यात सांगतो. शरीरात तांबे साचणाऱ्या विल्सनच्या रोगातही यकृतात चरबी दिसते आणि कधी कधी हीच प्रतिद्रव्ये आढळतात. त्याचे औषध निराळे आहे. मूल हडकुळे असून यकृतात चरबी दिसली, तर ही शंका आधी घेतली पाहिजे.

निवाडा कसा करायचा, हे शास्त्राला ठाऊक आहे. रक्तातील आयजीजी हे प्रथिन मोजावे. खऱ्या स्वप्रतिकारी रोगात ते बहुधा वाढलेले असते. प्रतिद्रव्यांची तपासणी उंदराच्या यकृत, मूत्रपिंड आणि जठराच्या पातळ कापांवर, प्रदीप्तीच्या पद्धतीने, सरावलेल्या डोळ्यांनी करावी. आणि तरीही शंका राहिली तर सुईने यकृताचा कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. येथेही अनुभव लागतो. मुलांच्या चरबीयुक्त यकृतात दाह प्रौढांपेक्षा वेगळ्या जागी, प्रवेशिकांच्या भोवती दिसतो, आणि स्वप्रतिकारी दाहही तेथूनच पसरतो. ज्याने मुलांची यकृते पुष्कळ पाहिली आहेत अशा विकृतिशास्त्रज्ञालाच हा फरक वाचता येतो. असा माणूस मोठ्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत बसतो. तपासणीचा कागद मात्र तालुक्याच्या बाजारपेठेत मिळतो. प्रश्न विकत मिळतो, उत्तर मिळत नाही, अशी आपल्या आरोग्यव्यवस्थेची ही रचना आहे.

आपल्या चळवळीतील एका प्रवृत्तीशी मी सहमत नाही, हे स्पष्ट सांगतो. तपासणी म्हटली की ती धंद्यासाठीच असणार, असे आपल्याकडे चटकन म्हटले जाते. प्रतिद्रव्यांची तपासणी हे विज्ञानाचे खरे देणे आहे. तिने असंख्य मुलांचे प्राण वाचवले आहेत. आक्षेप आहे तो तिला तिच्या अर्थापासून तोडून विकण्याला. तालुक्यातला डॉक्टर येथे खलनायक नाही, त्याच्यापाशी विचारायला कुणी नाही.

आता त्या मुलीच्या घरी जाऊ. तिला चरबीचाच आजार असल्याचे निश्चित झाले, तर औषध काय? 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 8 ते 17 वर्षांच्या 173 मुलांना 96 आठवडे जीवनसत्त्व ई, मेटफॉर्मिन किंवा निव्वळ खोटी गोळी देण्यात आली. एसजीपीटी टिकाऊपणे खाली आणण्यात दोन्ही औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. याउलट 2019 साली प्रसिद्ध झालेला, सॅन डिएगो आणि अटलांटा येथील प्रयोग पाहा. 11 ते 16 वर्षांची 40 मुले, बहुतेक लॅटिन अमेरिकी वंशाची. अर्ध्या मुलांच्या आहारातून वरून घातलेली साखर 8 आठवडे जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या यकृतातील चरबी 25 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर आली. इतरांची 21 वरून जेमतेम 20 वर. हे कसे साधले? संशोधकांनी मुलाला उपदेश करून सोडले नाही. घरातील सर्वांसाठी जेवणाचा आराखडा करून त्यांनी साऱ्या कुटुंबाचे अन्न पुरवले.

यावर जरा थांबा. साऱ्या कुटुंबाचे अन्न बदलल्यावर यकृत सुधारले. आपल्याकडे मात्र त्या मुलीच्या आईला सांगितले जाते की तुमचेच लाड नडले. ती आई सकाळी कामाला जाते, शाळेच्या फाटकावर पाच-दहा रुपयांची रंगीत पुडी आणि गोड पेयाची बाटली मिळते, आणि त्या पुडीची जाहिरात दूरचित्रवाणीवर मुलांचे लाडके चेहरे करतात. अपराधी कोण?

प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर पुण्याजवळच आहे. तेथील सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळे सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, परंतु त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. उपाशी आईच्या पोटातले मूल हडकुळे आणि चरबीदार असे एकाच वेळी जन्मते. त्याच मुलाला पुढे साखर आणि तेलाचे स्वस्त अन्न मिळाले की चरबी कोठे जाणार? कुपोषण आणि यकृतातील चरबी एकाच घरात, किंबहुना एकाच शरीरात नांदतात. मेळघाट आणि मुंबईची झोपडपट्टी यांना वेगळ्या खात्यांत घालणे हा आपलाच आळस आहे.

सरकारने काय केले? फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने मद्याशिवाय होणाऱ्या या यकृतविकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु त्या कार्यक्रमातील घरोघरची तपासणी 30 वर्षांवरील लोकांसाठी आहे. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 साली सुरू झाला. त्याच्या मूळ 30 विकारांच्या यादीत यकृताचा एकही विकार नाही. दोन्ही कार्यक्रमांच्या मधल्या फटीतून आपली बारा वर्षांची मुलगी निसटते. चिली देशाने जून 2016 पासून अतिसाखर, अतिमीठ आणि अतिचरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले आणि असे पदार्थ शाळांतून हद्दपार केले. तेथील कंपन्याही आरडाओरडा करतच होत्या.

तेव्हा आपल्या शाखांसाठी दोन कामे सुचवतो. पहिले: जिल्हा रुग्णालयात आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारावे की मुलाच्या यकृताची बायॉप्सी येथे होते काय, तिचा काच वाचणारा कोण आहे, आणि नसेल तर नमुना कोणत्या संस्थेकडे, कोणाच्या खर्चाने जातो. उत्तर लेखी घ्यावे. दुसरे: केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 सालच्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री व जाहिरात करता येत नाही. मापनफीत घेऊन आपल्या गावातील शाळेपाशी उभे राहावे आणि त्या 50 मीटरांत काय काय विकले जाते याची यादी करावी. हातगाडीवाल्याशी भांडू नका, त्याचेही पोट त्या पुडीवरच आहे. पुडीवर छापलेले कंपनीचे नाव तेवढे लिहून घ्या. पुढच्या बैठकीला येताना या याद्या बरोबर आणा.