भात उभं असतानाच टोमॅटोची रोपं
(चारकोपच्या बैठकीत पाड्यावरच्या बायांनी केलेलं भाषण)

आम्ही चारकोपला भाजी विकायला बसतो, म्हणून आधी भावाचं सांगतो. सगळ्यांचा टोमॅटो एकदम आला की गाडीभाडंसुद्धा सुटत नाही. जो आधी आणतो त्याच्या हातात पैसा राहतो. आणि आपल्याला उशीर परवडतच नाही. आपला ओहोळ माघात आटतो. फळावर आलेली झाडं पाण्यावाचून जळताना आपण पाहिलीत.

म्हणून भात कापून झाल्यावर बी टाकू नका. भादव्यात, भात शेतात उभं असतानाच घरी रोप करा. रोप लावणीला यायला २५-३० दिवस, पुढे फळाला दोन-सव्वादोन महिने. हळवं भात निघालं की त्याच ओलीवर लावून टाकायचं.

माती राबाची घ्या. वैशाखात राब भाजला की तेव्हाच दोन पाट्या माती घरात कोरडी ठेवायची. भाजलेल्या मातीत तण नि कीड कमी. त्यात कुजलेलं शेणखत. पळसाच्या पानाचे द्रोण करून भरा, लावताना द्रोणासकट खड्ड्यात जातं, मूळ दुखत नाही. जागा पडवीच्या कडेला, पागोळी लागणार नाही पण ऊन लागेल अशी. अंधारात रोप नुसतं लांबतं.

पाणी शिंपडा, ओतू नका. गेल्या साली आमची अर्धी रोपं मानेपाशी कुजून आडवी झाली. दाटी केली, पाणी जास्त दिलं, दुसरं काही नाही.

बी गावठी फळाचं धरा, संकरित फळाचं पुढच्या साली तसंच येत नाही. गर दोन दिवस आंबवायचा, धुवायचा, बी सावलीत सुकवून राखेत ठेवायचं. रोपं उधार देणारा व्यापारी मग मालही आपल्याच भावाने नेतो, हे विसरू नका.

आता प्लॉटचं. भात कापलं की प्लॉट मोकळा दिसतो, पंचनाम्यात 'पडीक' लिहून जातात. टोमॅटो उभा असला की तसं लिहिणं जड जातं. पण टोमॅटो म्हणजे पुरावा नव्हे, बरं का! वनहक्क कायद्यात कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा लागतो. त्याला जुने बांध, जुनं घर, म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब पाहिजे. म्हातारी माणसं आहेत तोवर जबाब लिहून घ्या. पंचनाम्याला कोणी आलं तर चार जणी प्लॉटवर उभ्या राहा, कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

बी आम्ही आणलंय, जाताना चिमूट चिमूट घेऊन जा.