सहकुटुंब साहसाची आखणी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मित्रांनी मला थट्टेने विचारले, "काय हो, संप आखणारा माणूस सहली कधीपासून आखू लागला?" मी म्हटले, दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. दोहोंत घरची शिल्लक पणाला लागते, दोहोंत बायकामुलांचा जीव गुंतलेला असतो, आणि निघायचे कधी यापेक्षा थांबायचे कधी हे दोहोंत आधी ठरवावे लागते.

शिवाय रजा ही काही आम्हांला कोणी ओवाळणीत घातलेली नाही. १९३६ साली फ्रान्सच्या कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडले, तेव्हा तिथे दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा झाला आणि त्या उन्हाळ्यात कितीतरी कुटुंबांनी आयुष्यात प्रथम समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. पण या रजेचे आपण काय करतो? भाचीचे लग्न, घराची गळती, म्हातारीचे डोळ्याचे ऑपरेशन. ही कामे टळणारी नाहीत, हे मी जाणतो. तथापि पाचसात वर्षांतून एकदा कुटुंबाने मिळून काही धाडस करावे, मुलांनी आपल्या आईला डोंगर चढताना पाहावे, हीही मला चैन वाटत नाही.

बोलायला एक देश हवा, म्हणून मी श्रीलंका घेतो. मुंबईहून विमानाने अडीच-तीन तासांचे अंतर. आकार महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा, आणि तेवढ्यात डोंगर, खळाळती नदी, वर्षावन, बिबट्यांचे रान आणि चारी बाजूंनी समुद्र. २०२४ च्या मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात चार कामगार कुटुंबांबरोबर मी तिथे गेलो होतो. मिळून सतरा माणसे, त्यांत दोन आज्या. पैसा दोन वर्षांच्या भिशीतून उभा केला होता, कर्ज कोणी काढले नव्हते.

उष्ण प्रदेशात सहल आखायची तर पहिला कागद नकाशाचा नव्हे, पावसाचा घ्यावा. आपल्याला एक पावसाळा ठाऊक आहे; लंकेला दोन आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस मेच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम आणि दक्षिण किनारा व डोंगराची ती बाजू झोडपतो. ईशान्येचा डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पूर्वेकडे पडतो. म्हणून नाताळच्या सुट्टीत गेलात तर दक्षिण किनारा शांत आणि त्रिंकोमालीचा समुद्र खवळलेला; मेनंतर उलटे. आणि दिवाळीच्या सुट्टीत, जेव्हा आपली बहुतेक माणसे बाहेर पडतात, तेव्हा तिथे जवळजवळ सगळीकडे पाऊस असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथल्या दरडींचे आणि वादळांचे दिवस. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस 'दित्वा' चक्रीवादळ आले. कँडी, नुवारा एलिया, बदुल्ला या डोंगराळ जिल्ह्यांत दरडी कोसळल्या, देशभरात सहाशेहून अधिक माणसे गेली आणि डोंगरी रेल्वेमार्गाची मोठी नासधूस झाली. तेव्हा आता जाणाऱ्याने कँडी ते एल्ला या सुंदर रेल्वेप्रवासाचे स्वप्न जरूर पाहावे, पण कोणता भाग चालू आहे हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

आमच्या शाळांना एप्रिल-मे मोकळा. त्यातही १३-१४ एप्रिलला सिंहली आणि तमिळ लोकांचे नववर्ष असते. दुकाने बंद, बसगाड्या तुडुंब, नुवारा एलियात पाय ठेवायला जागा नाही. म्हणून एप्रिलची अखेर ते मेचा पहिला पंधरवडा हा आपल्या सोयीचा तुकडा.

आता श्रीपाद. उंची २,२४३ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून सुमारे सहाशे मीटर अधिक. माथ्यावरचे पाऊल बौद्धांना बुद्धाचे, हिंदूंना शिवाचे, मुसलमान-ख्रिस्त्यांना आदमाचे वाटते, आणि पायऱ्या सगळे एकाच रांगेत चढतात. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम. तेव्हा वाटेवर रात्रभर दिवे, चहाची दुकाने उघडी. हंगामाबाहेर अंधार आणि पाऊस. पायऱ्या पाच हजारांहून अधिक आहेत. लोक मध्यरात्रीनंतर निघतात आणि वर सूर्योदय पाहतात.

इथे आखणीतला एक मुद्दा सांगतो. तो कोणत्याही प्रवासी पुस्तकात मी वाचलेला नाही. आजी अर्ध्यावर थांबली तर तिच्याजवळ कोण बसणार? हे आधी ठरवले नाही तर सून बसते. न ठरवताही ते ठरलेलेच असते. आम्ही कोलंबोलाच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. एका आजींनी दोन-अडीच हजार पायऱ्यांवर "आता बास" म्हटले, आणि चिठ्ठीप्रमाणे त्यांचा मोठा मुलगा त्यांच्याजवळ चहाच्या दुकानात बसला. सून वर गेली. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. स्वयंपाकाचेही तेच. घरून स्टोव्ह, मेतकूट आणि तांदूळ घेऊन निघालात तर पुरुषांची सहल होते आणि बाईची नुसती बदली. तिथे भात, डाळ, नारळाची चटणी, इडियप्पम गावोगाव मिळते. मिरचीही आपल्याला लाजवील अशी.

त्या पायऱ्यांच्या पायथ्याशी आणि भोवती चहाचे मळे आहेत. मुलांना त्यांची हिरवाई दाखवाच, पण तिथल्या 'लाइनी'ही दाखवा. एका लांब छपराखाली एकेक खोली, एकेका खोलीत एकेक कुटुंब. गिरणगावच्या चाळीत वाढलेल्या माणसाला त्या ओळखायला वेळ लागत नाही. १८६७ मध्ये जेम्स टेलर याने तिथे चहाची लागवड सुरू केली, तांबेऱ्याने कॉफी बुडाल्यावर ती पसरली, आणि राबायला तमिळनाडूतून माणसे नेली. १९४० मध्ये मूल ओया मळ्यावरच्या संपात गोविंदन नावाचा मजूर पोलिसांच्या गोळीने मेला. १९४८ च्या कायद्याने यांतील बहुतेकांचे नागरिकत्वच काढून घेतले. पुढे १९६४ मध्ये शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांच्या करारात ५,२५,००० माणसे भारताच्या आणि ३,००,००० लंकेच्या वाट्याला घालण्यात आली. माणसांची वाटणी, धान्याच्या पोत्यांसारखी! आणि २०१४ च्या ऑक्टोबरात मीरियाबेद्दा येथे दरड कोसळून अशाच लाइनी गाडल्या गेल्या. जागा धोक्याची आहे, असे आधी सांगितले गेले होते. पण जाणार कुठे? घर मळ्याचे, काम मळ्याचे. ज्याला "मी इथे राहणार नाही" असे म्हणताच येत नाही, त्याला इशारा देऊन काय उपयोग?

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथे आहे. धाडस आणि अपघात यांच्यामध्ये बहुधा एक माणूस उभा असतो: "आज नाही" म्हणणारा. नदीवरचा नावाडी, रानातला वाटाड्या, जीपचा ड्रायव्हर. त्याला तसे म्हणता आले पाहिजे. जिवावरच्या कामापासून बाजूला होणाऱ्या कामगाराला शिक्षा होऊ नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात नमूद आहे. पण ज्याची मजुरी फेरीवर आहे, त्याचा नकार त्याच दिवशी त्याच्या ताटात दिसतो. आणि आपण काय करतो? दहा ठिकाणी भाव विचारतो आणि सर्वांत स्वस्त होडीत आपली पोरे बसवतो.

कितुलगल येथे केळणी नदीवर रबरी होडीतून खळाळ उतरण्याचा खेळ चालतो. तिथे पाऊस दांडगा, आणि वरच्या अंगाला वीजनिर्मितीची धरणे आहेत. तेव्हा पाण्याचा अंदाज तिथल्याच माणसाने करावा. आम्ही गेलो त्या रात्री डोंगरात पाऊस झाला होता. सकाळी पाणी गढूळ, काठचे नेहमीचे खडक दिसेनात. नावाड्याने पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, मुलांना घेऊन मी उतरणार नाही. होड्यांचा मालक हसला, "रोजचेच आहे," म्हणाला. आमच्या मंडळींनी सांगितले, शब्द नावाड्याचा, आणि त्याची आजची मजुरी आम्ही देऊ. आमच्या कागदावर एक दिवस कोरा ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी पाणी उतरले, खडक वर आले, आणि त्याच नावाड्याने सगळ्यांना नेले. मुले अजून त्या दिवसाचे बोलतात.

म्हणून आखणीत दोन गोष्टी लिहून ठेवा. आठ दिवसांची सहल असेल तर एक दिवस संपूर्ण मोकळा. आणि पैशांत एक रक्कम नकाराची: फेरी रद्द झाली तरी देण्याची. याला मी उधळपट्टी म्हणत नाही. तुमच्या मुलाच्या जिवाचा हा सर्वांत स्वस्त विमा आहे. यालाच्या रानातही हेच. बिबट्या दिसला तरच बक्षीस, असे ड्रायव्हरला वाटले की तो जीप पळवतो, आणि दहा जीपा एका झाडाखाली कोंडतात. सकाळीच सांगून टाका, बक्षीस बिबट्यावर नाही. मग तो गाडी सावकाश चालवतो आणि मोर, मगरी, अस्वलाचा माग, सगळे दाखवतो.

हा नकाराचा हक्क घरातही लागू करावा. संपाचा निर्णय बहुमताने होतो, व्हावा. पण पाण्यात उतरण्याचा निर्णय बहुमताने करू नये. दहा वर्षांची मुलगी "मला भीती वाटते" म्हणाली की विषय संपला. "घाबरट" म्हणून तिला हिणवणारा बाप स्वतः साहेबासमोर किती धीट असतो, ते मी पाहिलेले आहे.

खऱ्या विम्याचेही पाहा. प्रवासी विम्याच्या कागदात शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत पुष्कळदा असते की, साहसी खेळांतील इजा भरून मिळणार नाही. वेतनकरार वाचतो तसा तो कागद वाचावा, आणि जे हवे ते लेखी मागून घ्यावे. दुखण्यांबाबत थोडक्यात. लंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त ठरली, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. लेप्टोस्पायरोसिसचे नाव २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना शिकवायला नको. भातखाचरांतून, गढूळ पाण्यातून अनवाणी चालू नये आणि पायाला जखम असेल तर मुळीच नाही. सिंहराजाच्या वर्षावनात जळवा लागतात; त्यांसाठी कापडी मोजे मिळतात, आणि जळवांनी आजवर कोणाची सहल बुडवलेली नाही. समुद्राला मात्र वाघापेक्षा अधिक भ्यावे. जिथे लाट फुटत नाही आणि पाणी शांत दिसते, तिथेच पुष्कळदा आत ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापुढे जाऊच नये. दुखापत झालीच तर १९९० हा क्रमांक फिरवावा. ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१६ मध्ये भारताच्या मदतीने सुरू झाली. डोंगरात असताना दरडींचे इशारे तिथली राष्ट्रीय इमारत संशोधन संस्था देते. मुक्कामाच्या मालकाला ते रोज सकाळी विचारावेत.

व्हिसा, चलनाचा भाव आणि प्रवेशशुल्क यांचे आकडे मी मुद्दाम सांगत नाही. ते पुष्कळदा बदलतात, निघण्याच्या महिन्यात पाहावेत. ज्यांना भिशीचा हिशेब हवा असेल त्यांनी नंतर भेटावे, वही मी बरोबर आणली आहे. बाकीचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून अध्यक्षांकडे द्यावेत.